एक जूनचा फळा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पानपट्टी आहे, आणि तिच्या बाजूच्या भिंतीवर काळा रंग देऊन केलेला फळा. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्या फळ्यावर रोजचा दिनविशेष मी लिहिते. मला कुणी नेमलेलं नाही. आधी लिहिणारे गृहस्थ गुडघ्यांमुळे घरी बसले, मग फळ्यावर कुणीतरी शिकवणीची जाहिरात चिकटवली. ती मी नखांनी खरवडून काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खडू घेऊन उभी राहिले. तेव्हापासून वर तारीख, खाली तीन रकाने: घटना, जन्म, मृत्यू.

पानपट्टीवाला चुना घोटत रोज एकच प्रश्न विचारतो.

"आज कौन मरा, बाई?"

मी नाव सांगते. तो मान हलवतो. जन्मलेल्यांची चौकशी त्याने आजवर केलेली नाही आणि त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

दिनविशेषाची गोडी मला कधीच नव्हती, हे आधी सांगून टाकते. ज्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नाही अशी दोन माणसं, एक कुठल्या शतकात जन्मलेला आणि दुसरा कुठल्या शतकात मेलेला, केवळ तारीख एक म्हणून शेजारी येऊन बसतात. लोक थांबतात, वाचतात, "आसं हाय व्हय" म्हणतात आणि पुडी तोंडात टाकून निघून जातात. मग मी का लिहिते? जाहिरात चिकटू नये म्हणून. आणि भिंत दिसली की खडू हातात घ्यायची सवय जात नाही म्हणून.

पण वर्षातल्या एका तारखेचा मला मनापासून तिटकारा आहे, ती म्हणजे एक जून.

आमच्या भागात एक जूनला जन्मलेल्या माणसांची गर्दी का आहे, हे जुन्या मंडळींना सांगायला नको. शाळा जूनमध्ये भरायची. बाप पोराला हाताला धरून आणून उभा करायचा. हेडमास्तर जन्मतारीख विचारायचे, बाप म्हणायचा, "ज्वारी हुरड्यात व्हती बगा." हुरडा काही दाखल्यावर लिहिता येत नाही. मग हेडमास्तर पोराच्या उंचीचा अंदाज घेऊन साल ठरवायचे आणि तारीख टाकायचे एक जून. माझ्या पिढीतले कितीतरी शिक्षक म्हणूनच एकतीस मेला निवृत्त झाले. एकाच संध्याकाळी, एकाच हॉलमध्ये, एकसारखीच शाल पांघरून. मीही त्यांतलीच. माझ्या दाखल्यावर एक जून आहे आणि माझ्या धाकट्या भावाच्या दाखल्यावरही एक जूनच आहे, फक्त साल वेगळं.

आमचं गाव वळसंगच्या पुढं, दक्षिणेकडे. घरात अर्धी मराठी, अर्धी कानडी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, वडिलांना अप्पा. भाऊ मला अक्का म्हणतो. त्याला सगळं गाव अण्णा म्हणतं, मी मात्र तम्माच म्हणते, म्हणजे धाकटा. चारचौघांत म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडते, म्हणून तर चारचौघांत आवर्जून म्हणते.

अव्वाला तारखा येत नसत, पण दिवस सगळे आठवत. मी केव्हा झाले असं विचारलं की म्हणायची, "शेंगा काडायचे दिस. वेल उपटत व्हते, तितंच पोटात कळ आली." चुलतभावंडांचंही तसंच. कुणी वेळा अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, कुणी विहिरीला पाणी लागलं त्या आठवड्यात. फक्त तम्माचं विचारलं की ती भाकरी थापायला घ्यायची आणि म्हणायची, "त्याची एक जूनच." जिला बाकी कुणाची तारीख ठाऊक नव्हती, तिला हीच एक तारीख तेवढी पाठ होती. लहानपणी मला वाटे, मुलगा आहे म्हणून लक्षात ठेवली असेल. मी त्याही गोष्टीचा राग धरला. राग धरायला मला फारसं कारण कधी लागत नाही.

लहानपणाची आणखी एक गोष्ट मला कधी उलगडली नव्हती. अप्पा सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेहून आले होते आणि त्यांनी माझ्यासाठी दोन भिरभिरी आणली होती, एक तांबडं आणि एक हिरवं. आमच्या घरात कुणाला कधी एकाची दोन मिळाली नाहीत. ती दोन्ही माझ्या हातात देऊन अप्पा तोंड फिरवून उभे राहिले, एवढंच आठवतं. दोन का, हे मी पुढे अव्वाला कितीदा तरी विचारलं. ती म्हणायची, "तुला सपान पडलं आसल."

आता तम्माविषयी. तो गावचा पुढारी आहे. वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही. त्याने गावात पाण्याची टाकी आणली, पोरींसाठी शाळेपर्यंत रस्ता केला. पण माणसाला एकदा स्वतःचा चेहरा फ्लेक्सवर बघायची चटक लागली की तो आरशावर समाधान मानत नाही. दर एक जूनला वेशीपासून घरापर्यंत याचे फोटो. हात जोडलेला, फोनवर बोलणारा, गॉगल घातलेला. क्रेनने उचललेला हार, जेसीबीतून उधळलेल्या पाकळ्या, डीजे आणि टेबलाइतका केक. ज्या दिवशी तो जन्मलेलाच नाही, त्या दिवशी. मी एकदा त्याला म्हटलंही, "तम्मा, ही तारीख हेडमास्तरांची आहे. हार त्यांना घाल." तो हसला. "अक्का, तारीख कुनाची का आसंना, लोक तर माजे हायत की."

अव्वा त्याच्याकडेच राहायची. शेवटच्या उन्हाळ्यात तपासण्यांसाठी म्हणून ती माझ्याकडे पेठेत काही दिवस राहिली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, तिला कुणीच सांगितलं नाही, आणि तिला सगळं कळलं होतं. दुपारी कूलरसमोर आडवी पडून ती माझ्याशी बोलायची. एका दुपारी मी दुसऱ्या दिवशीचा दिनविशेष काढत बसले होते. तिने विचारलं, "काय लिवतीस?" मी सांगितलं, कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं.

"एका दिवशी दोनी?"

"हो. वेगवेगळी माणसं."

ती उताणी झाली. मग छताकडे बघत म्हणाली, "तम्मा होमाच्या दिवशी झाला."

होम म्हणजे आमच्या गड्ड्याच्या जत्रेतला होम, संक्रांतीचा. मी पेन खाली ठेवलं. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून एक जूनशिवाय दुसरं काही आलं नव्हतं. तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते मला सहन होत नाही.

"तुज्या पाठची एक व्हती. पोरगी. नुकती चालाय लागलेली. तिला ताप भरलेला. तुजा अप्पा गड्ड्याला गेल्ता, तुमा दोगीला काय तरी आनतो म्हनून. मी हितं कळा देते आन ती तितं चुलीपाशी निजलेली. सांजच्याला तम्मा झाला. बायका भाईर साकर वाटाय लागल्या. आन चुलीपाशी जाऊन बगत्यात तर ती गार. मागच्या दारानं नेली तिला. मला म्हनले, रडू नगं, पोराला अपशकुन हुतोय. म्या न्हाय रडले."

कूलर घरघरत होता. मी उठून तो बंद केला.

"मग शाळंत मास्तर म्हनला, तारीक काय लिवू. म्या म्हनलं, तुजी ती एक जून लिव की. त्या दिवशी आपलं कोन बी मेलं न्हाय."

मग तिने त्या पोरीचं नाव सांगितलं. ते नाव तिने इतक्या वर्षांत तोंडातून बाहेर काढलं नव्हतं, तरी जराही अडखळली नाही. ते मी इथे लिहिणार नाही. तिला आणखी काही विचारावं म्हणून मी तोंड उघडलं तर तिने हात हलवला, "बेडा, बेडा," नको, नको. आणि कुशीवर वळली. मला माझी दोन भिरभिरी मिळाली. त्यांतलं हिरवं कुणाचं होतं ते कळलं.

मे संपता संपता तिने गावी जायचा हट्ट धरला. मी तिला घेऊन गेले आणि तिथेच राहिले. घरासमोर मांडवाचे खांब रोवणं चालू होतं. यंदा तम्माची साठी होती, कागदावरची, आणि संध्याकाळी कुणी मोठे साहेब यायचे होते. अव्वाची खोली मागच्या बाजूला. आवाज नको म्हणून खिडक्या लावून घेतल्या आणि नवा एसी लावला. हे त्याने केलं, नाकारत नाही.

एक जूनला सकाळी, उन्हं ओसरीवर यायच्या आत, अव्वा गेली. माझा हात तिच्या हातात होता. शेजारी भावजय गरम पाण्याचं पातेलं घेऊन उभी होती. तिने पातेलं खाली ठेवलं आणि धन्याला बोलावून आणलं.

तम्मा आला, अव्वाच्या पायाशी बसला आणि रडला. खरं रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवणार होते, तेवढ्यात त्याने डोळे पुसले आणि दार आतून लावून घेतलं.

"अक्का, हे आज भाईर जाऊ द्यायचं न्हाय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"सायेब येनार हायत. सम्दा तालुका येनार हाय. आता कुनाकुनाला फोन करू? आजचा दिस जाऊ दे. उद्या सकाळी सांगू. अव्वा काय कुटं चाललीय का?"

मी रागावले की माझी मराठी शाळेतली होते. "तम्मा," मी म्हटलं, "तुला लाज वाटत नाही का?"

"लाज वाटती, अक्का. पन मांडव घातलाय की."

तो डॉक्टरला फोन लावत बाहेर गेला. डॉक्टर त्याच्याच पॅनेलचा. तब्येत नाजूक आहे, भेटायला कुणी येऊ नये, असं दारात सांगायला एक माणूस बसवला. मी ओरडले असते तर गाव गोळा झालं असतं. का ओरडले नाही? कारण मला त्या वेळी त्याच्यापेक्षा मोठी घाई होती.

आमच्यात, लिंगायतांत, माणूस गेलं की त्याला आडवं नेत नाहीत. मांडी घालून, पाठ ताठ करून बसवतात, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात, सजवलेल्या पालखीत बसल्या बसल्याच नेतात आणि तसंच बसवून मातीआड करतात. पण हे वेळेत करावं लागतं. अंग एकदा ताठरलं की गुडघा वाकत नाही, मग वाकवायचं म्हणजे माणसाला मोडायचं. माझ्या त्या साठीच्या भावाने सगळ्या गोष्टींचं नियोजन केलं होतं, साहेबांच्या खुर्चीवर कुठला टर्किश टॉवेल टाकायचा इथपर्यंत. उद्या सकाळपर्यंत अव्वाचे पाय लाकूड होतील हे त्याच्या डोक्यात आलंच नाही. कसं येणार? आमच्या पुरुषांसमोर माणूस येतं तेव्हा ते आधीच बसवलेलं असतं.

म्हणून मी आणि भावजयीने मागच्या खोलीत, दार बंद करून, अव्वाला अंघोळ घातली. ज्या बाईला गावातल्या दहा घरच्या सुनांनी मिळून न्हाऊ घालायचं, तिला आम्ही दोघींनी पातेल्यातल्या पाण्याने न्हाऊ घातलं, आणि पाण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तांब्याने न ओतता हाताने लावलं. कपाळाला विभूती लावली. तिची चौकटीची इरकल नेसवली. मग भिंतीशी पाट टाकला, तिला उचलून त्यावर बसवलं. भावजय मागून धरून राहिली, मी पुढून एकेक गुडघा दुमडला. डावा लगेच वाकला. उजवा तिचा जुना दुखरा, ती पडली होती तेव्हापासूनचा. तो मी चोळत चोळत वाकवला, ती जिवंतपणी दुखतोय म्हणायची तेव्हा चोळायचे तसाच. डोकं कलू नये म्हणून कपाळाला धडपा बांधून खुंटीला घेतला. अव्वा बसली.

दुपारी चार-पाच वाजता डीजे सुरू झाला. भिंत थरथरत होती आणि भिंतीला पाठ टेकून अव्वा बसलेली होती, म्हणून तिचं डोकं हलत होतं. जरा जरा, होकार दिल्यासारखं. भावजय पदर तोंडात कोंबून रडायला लागली. मी उठले, अव्वाच्या पाठीशी उशी दिली आणि तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून, साहेबांचं भाषण संपेपर्यंत, तशीच बसले. भाषणात माइकवरून साहेब म्हणाले की अशा सुपुत्राला जन्म देणारी माउली आज अंथरुणाला खिळली आहे, तिला दीर्घायुष्य लाभो. टाळ्या पडल्या.

त्या वेळी मला जे वाटलं ते मी कुठल्याही शब्दांत सजवणार नाही. मला माझ्या भावाचा द्वेष वाटला. तो अजूनही गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावाला सांगितलं. फुलांची पालखी झाली, तालुका पुन्हा लोटला, त्याच मांडवात, त्याच खुर्च्यांवर. केकचं टेबल तेवढं उचललं होतं. ग्रामपंचायतीत तारीख लागली दोन जून. वेशीवरचे वाढदिवसाचे फ्लेक्स उतरवून त्याच चौकटींवर श्रद्धांजलीचे चढवले. त्यावर अव्वाचा फोटो लहान आणि शोकाकुल तम्माचा मोठा. सगळे म्हणत होते, माउलीने पोराचा वाढदिवस पार पडेपर्यंत जीव धरून ठेवला. त्याने ते ऐकून मान खाली घातली. नाकारलं नाही. म्हाताऱ्या बायका तेवढ्या अव्वाकडे बघून म्हणाल्या, "बसवलंय लई चांगलं." माझ्याकडून कुणी काही काढून घेऊ शकलं नाही, फक्त तो दिवस.

वर्ष गेलं. मी गावी गेले नाही. पुढच्या मेअखेरीस व्हॉट्सॲपवर तम्माची दोन निमंत्रणं आली, एकापाठोपाठ. एक जून, अभीष्टचिंतन सोहळा. दोन जून, मातोश्रींचं प्रथम पुण्यस्मरण, सोबत कीर्तन. मांडव एकच, सलग दोन दिवस. भाडं वाचलं असेल.

एक जूनला सकाळी मी फळा पुसला. घटना आणि जन्म हे रकाने मी मोकळे ठेवले. मृत्यूच्या रकान्यात लिहिलं, माझी अव्वा, आणि पुढे तिचं पूर्ण नाव, गाव, आणि "गेल्या वर्षी याच दिवशी, सकाळी". पानपट्टीवाल्याचा हात चुन्याच्या डब्यात होता. त्या दिवशी त्याने प्रश्न विचारला नाही.

पेठेत आमच्या गावची कितीतरी माणसं कामाला येतात. दुपारच्या आत कुणीतरी फोटो काढून पाठवला. दुपारी तम्मा आला, पांढऱ्या गाडीतून, गळ्यात हाराच्या पाकळ्या अडकलेल्या. गाडी फळ्यासमोर उभी केली, वाचलं आणि वर माझ्या घरी आला.

"पूस ते, अक्का."

"नाही पुसणार."

"कागदावर दोन तारीक हाय. तू भिंतीवर एक लिवून काय साधलंस?"

"कागदावर तुझीही एक जून आहे. ती तरी खरी आहे का?"

"मग कवा हाय माजी खरी? सांग की. तुलाच सगळं म्हाईत."

मी सांगणार नव्हते. अव्वाने ते माझ्याजवळ ठेवायला दिलं होतं, याला मारायला नव्हे. पण त्याच्या शर्टाच्या कॉलरवर गुलाबाची पाकळी होती, आणि ती बघून मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. होम, चुलीपाशी निजलेली पोर, साखर, मागचं दार. तिचं नावही सांगितलं. आणि अव्वाने एक जून का लिहायला लावली, तेही.

तो खाली बसला. त्याला पाणी दिलं ते त्याने घेतलं नाही. मला वाटलं, आता हा मोडला. मला बरंही वाटलं. मग त्याने मान वर केली.

"म्हंजी अव्वानं मला एक दिस दिला, जवा कोन मेलं न्हाय."

"हो."

"मग तिला त्यो मोकळाच हवा व्हता की. म्या मोकळा ठेवला."

याला काय म्हणायचं? मी चाळीस वर्षं पोरांना उत्तरं दिली, पण त्याला मी संतापून घराबाहेर जा म्हणून सांगितलं. तो गेला. खाली फळ्यापाशी थांबला असेल तर मी पाहिलं नाही. संध्याकाळी खाली गेले तेव्हा अक्षरं होती तशी होती. त्याने पुसली नव्हती.

नंतर त्याचा फोन नाही, माझा नाही. दिवाळीला भावजयीने फराळ पाठवला. मी डबा धुऊन परत पाठवला, रिकामा नाही पाठवत म्हणून थोडी साखर घालून. साखर घालताना मनात काय आलं ते तिला कळलं असेल.

जानेवारीत गड्डा भरला. होमाच्या दिवशी सकाळी रस्ते झाडून झाले होते, दारादारांत रांगोळ्या, नंदीध्वज बघायला खेड्यांवरून माणसं येत होती. मी फळ्यावर तारीख लिहिली. मग मृत्यूच्या रकान्यात त्या पोरीचं नाव लिहिलं, खाली, "नुकती चालू लागलेली." जन्माच्या रकान्यात मी खडू टेकवला आणि तशीच थांबले. लिहावं तर हा दिवस तम्माला द्यावा लागत होता. न लिहावं तर खोटं होत होतं. आणि खोटेपणाबद्दल मी एका माणसाला दीड वर्ष शिव्या देत आले होते.

"आज कौन मरा, बाई?" पानपट्टीवाल्याने विचारलं.

"बहन," मागून कुणीतरी उत्तर दिलं. "हमारी."

तम्मा उभा होता. या खेपेला गाडी नाही, माणसं नाहीत. डोक्याला साधा पंचा गुंडाळला होता, जत्रेला आलेल्या कुठल्याही खेडूतासारखा. त्याने नाव वाचलं, ओठ हलवून, पुन्हा एकदा वाचलं. मग जन्माच्या रकान्यात टेकलेल्या माझ्या खडूकडे बघितलं.

"माजं लिवू नगं त्यात," तो म्हणाला. "तिचा दिस हाय. तिला एकटीला राहू दे."

हे त्याचं मोठेपण होतं की सोय, मला ठरवता आलं नाही. एक जून त्याच्याकडे राहतच होती. तरीही वाक्य खरं होतं, आणि तेच एक वाक्य होतं जे मी दीड वर्ष त्याच्या तोंडून ऐकायला थांबले होते, दुसऱ्या एका बाईसाठी.

"हे तुला येतं तर," मी म्हटलं, "अव्वासाठी का आलं नाही?"

लांब कुठेतरी हलग्या वाजत होत्या. त्याने पंचा काढून घाम पुसला, थंडीत.

"तवा मांडव घातला व्हता, अक्का."

मी जन्म हा शब्द पुसला, फडकं पिळलं आणि पिशवीत टाकलं.